आपलं रक्त आपणच तपासायचं

(वस्तीतल्या वाचनालयात, तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय.)



कविता ऐकायला मिळेल म्हणून काहीजण आलेत. कविता पुढच्या वेळी. आज रोगावर बोलायचंय. गोदीत गोण्या वाहणारा, मॅट्रिकवर शाळा सुटलेला माणूस रोगावर काय कपाळ बोलणार, असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषध सांगणार नाही. पण ज्याच्या अंगात रोग शिरतो, ज्याचा रोज बुडतो, ज्याच्या घरातला माणूस जातो, त्याला रोग समजून घ्यायचा हक्क डॉक्टरइतकाच आहे. उलट जास्तच आहे. गेलं वर्षभर पाळी संपल्यावर मी हेच वाचत बसलोय. समजेना तिथं ओळखीच्या नर्सताईंना विचारत गेलो. जे समजलं ते तुमच्यापुढं टाकतो.

डॉक्टर लोकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात. कॉमन आणि रेअर. नेहमीचा रोग आणि दुर्मिळ रोग. ऐकताना वाटतं, हा रोगाचाच गुण असावा. जसा मिरचीचा तिखटपणा. मी म्हणतो, तसं नाही. मोजणारा कुठं उभा राहून मोजतो, त्यावर हे शब्द ठरतात. आपल्या वाट्याला दोन्हीकडून मार येतो. आपला रोग फार जणांना होतो तेव्हा म्हणतात, 'त्यात काय नवीन, झोपडपट्टीत असायचंच.' आपला रोग थोड्यांना होतो तेव्हा म्हणतात, 'असला रोग आमच्या बघण्यात नाही.' नेहमीचा म्हणून दुर्लक्ष, दुर्मिळ म्हणून अज्ञान. दोन्हीकडून मरतो आपणच. म्हणून आज एक नेहमीचा रोग घेतो आणि एक दुर्मिळ म्हणवला जाणारा. टीबी आणि सिकलसेल.

आधी टीबी.

आमच्या टोळीत खोकणारा माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सिमेंटची धूळ, खताची धूळ, डाळीची धूळ. सगळेच खोकतात. मुकादम म्हणतो, धूळ आहे. घरची म्हणते, बिडी आहे. नाक्यावरचा डॉक्टर म्हणतो, हवा बदललीय, आणि तीन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून देतो. असे दोन-तीन महिने जातात. तोवर पाठीची हाडं मोजता येतात, संध्याकाळी बारीक ताप भरतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं. मग एक दिवस थुंकीत लाल दिसतं आणि सगळे एकदम शहाणे होतात. शिवडीचं टीबी हॉस्पिटल गोदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पण त्या हाकेला ओ द्यायला आपल्याला तीन महिने लागतात.

टीबीचा जंतू जर्मनीतल्या रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला जगापुढं मांडला. म्हणजे हा रोग पापानं होत नाही, करणीनं होत नाही, आईबापाच्या रक्तातून येत नाही, हे कळून एकशेचाळीसच्या वर वर्षं झाली. जंतू हवेतून येतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्यानं बोलला की बारीक थेंब उडतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगतात. ताटातून, कपातून, हात मिळवल्यानं टीबी लागत नाही. म्हणून सुनेचं ताट वेगळं करणाऱ्या सासूला सांगा, ताट वेगळं करू नका, खिडकी उघडा. आणि हाडाचा, मणक्याचा, नुसत्या गाठीचा टीबी असलेल्या माणसापासून सहसा दुसऱ्याला लागत नाही.

आता महत्त्वाचं ऐका. जंतू अंगात शिरला म्हणजे रोग झाला असं नाही. जंतू शिरलेल्या शंभर माणसांतल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा रोग होतो. बाकीच्यांच्या अंगात तो कोंडलेला राहतो. मग हे पाच-दहा कोण? ज्याचं पोट भरत नाही तो. ज्याला साखरेचा रोग आहे तो. एचआयव्ही असलेला. दारू-बिडीनं पोखरलेला. दगडाची धूळ फुप्फुसात गेलेला. जंतू सगळ्यांच्या दाराशी जातो, पण कडी कुणाची मोडकी आहे ते बघून आत घुसतो. आणि कडी कुणाची मोडकी ठेवायची हे जंतू ठरवत नाही.

घराचंच बघा. मानखुर्द-गोवंडीकडं पुनर्वसनाच्या इमारती उभ्या केल्या. झोपड्या तोडल्या आणि माणसं सात-सात मजल्यांवर रचली. दोन इमारतींमध्ये फट एवढी अरुंद, की समोरच्याच्या खिडकीत काय शिजतंय ते दिसतं, पण सूर्य दिसत नाही. २०१८ मध्ये तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना चिकटलेल्या, तिथं टीबी जास्त. तिसरीकडं हवा-उजेड बरा, तिथं कमी. म्हणजे ज्यानं नकाशा काढला त्यानं कागदावरच टीबी काढून ठेवला होता. त्याच्या नावावर मृत्यूचा दाखला निघत नाही.

औषधाचं सांगतो. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. टीबीचे गरीब रोगी दोन गटांत वाटले. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथं आराम, चांगलं जेवण, हवा. अर्ध्यांना त्यांच्याच कोंदट घरात ठेवून औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. साऱ्या जगाचे उपचार त्यानं बदलले. सॅनेटोरियमची चैन नसलेल्या माणसालाही टीबीतून उठता येतं, हे मद्रासच्या गरिबांनी आपल्या फुप्फुसांवर सिद्ध करून दिलं. पण सरकारी डोक्यानं त्यातून सोयीचा अर्थ काढला. गोळी पुरे, भाकरीचं नंतर बघू. ती भाकरी पुन्हा कागदावर यायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली. झारखंडमध्ये टीबी रोग्यांच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला तांदूळ-डाळीचं जादा रेशन देऊन बघितलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला. ज्या घरांत ते रेशन गेलं, तिथल्या माणसांत नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. कुठली लस नाही, कुठलं यंत्र नाही. तांदूळ आणि डाळ. आपल्या आज्या हे सांगत होत्या, पण आजीचं बोलणं कुठल्या मासिकात छापून येत नाही.

सरकार टीबीच्या रोग्याला खाण्यासाठी पैसे देतं. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. ते बँकेत जमा होतात. आपल्या किती माणसांना हे ठाऊक आहे? आधार जुळत नाही, खातं बंद पडलंय, नोंदच झाली नाही, म्हणून किती जणांचे अडकलेत? हे काम कुणाचं? ज्याला फॉर्म भरता येतो त्याचं. म्हणजे तुमचं.

गोळ्या मध्येच सोडण्याबद्दल बोलतो. साध्या टीबीची औषधं सहा महिने घ्यायची असतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. माणसाला वाटतं, झालो बरा. पण काही जंतू झोपलेले असतात. त्यांना मारायला पुढचे चार महिने. मधेच सोडलं तर जे उरतात ते औषध पचवलेले असतात. मग तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही.

आमच्या टोळीतले एक काका असेच गेले. लोक म्हणाले, अडाणी होता, गोळ्या सोडल्या. मी सांगतो काय झालं ते. दवाखाना उघडायचा त्या वेळेला आमची पाळी लागायची. पाळी चुकली की रोज गेला. कंत्राटदाराला कळलं तर कामच गेलं. त्यात त्यांना नारिंगी-लाल लघवी व्हायला लागली. ते रिफाम्पिसिन नावाच्या गोळीचा रंग असतो. त्यात धोका काही नाही. पण त्यांना ते कुणी सांगितलंच नाही. त्यांना वाटलं, रक्त पडतंय, गोळीनं आतडी जळाली. दोन महिन्यांनी बंद केल्या. आठ महिन्यांनी परत खोकला, आणि या वेळेला औषधाला दाद न देणारा टीबी. दवाखान्याच्या वहीत त्यांच्या नावापुढं 'उपचार सोडला' असं लिहिलं. मी म्हणतो, उपचारानं त्यांना सोडलं. एक वाक्य, 'काका, लघवी लाल होईल, घाबरू नका,' एवढं बोलायला किती पैसे पडतात?

देशातून २०२५ पर्यंत टीबी संपवू अशी घोषणा २०१८ मध्ये दिल्लीत झाली होती. २०२५ येऊन गेलं. जगातल्या टीबी रोग्यांतले साधारण पाव रोगी या एका देशात आहेत. नेहमीचा रोग हा असा असतो.

आता दुसरा. सिकलसेल.

आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडं. माझी एक मामेबहीण आहे. लहानपणापासून तिचे हात-पाय दुखायचे. नुसते दुखायचे नाहीत, ती ओरडायची. थंडीत जास्त, तापात जास्त. डोळे पिवळे. एकानं कावीळ म्हणून झाडपाला दिला. एकानं संधिवात म्हणून सुया मारल्या. एकानं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या वर्षानुवर्षं चालल्या. भगत झाला, उतारा झाला. पुढं मुंबईला आमच्याकडं आणली. एका मोठ्या हॉस्पिटलात तिला कळ आली तेव्हा ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला, नाटक करते, लग्न करून द्या. एकोणिसाव्या वर्षी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'गाव कुठलं तुमचं?' भंडारा म्हटल्यावर त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहिली. दोन दिवसांत नाव कळलं. एकोणीस वर्षं आणि दोन दिवस.

मी विचारलं, एवढा वेळ का लागला? उत्तर मिळालं, 'रेअर आहे ना.'

रेअर कुणासाठी? नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली घ्या. तिकडं नंदुरबारचा सातपुडा घ्या. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा, आणि विदर्भातला आपला पूर्वाश्रमीचा महार समाज. कुणबी-तेल्यांतही सापडतो. तिथल्या वस्त्यांमध्ये हा रोग घरोघरी ऐकू येतो, फक्त त्याला नाव नसतं. 'अंगदुखीचं घर' म्हणतात. पुस्तकात दुर्मिळ असलेला रोग आपल्या मामाच्या गावात दुर्मिळ नाही.

होतं काय ते समजून घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ, बशीसारख्या असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. म्हणजे आपल्यासारखेच हमाल. सिकलसेलमध्ये हे हिमोग्लोबिन जरासं वेगळं बनतं. प्राणवायू उतरवून दिला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, लांब दोरे होतात आणि पेशी आतून ताणून विळ्यासारखी वाकडी होते. विळा म्हटलं की आपल्याला लाल झेंडा आठवतो. हा विळा रक्तातला. ही वाकडी, ताठ पेशी बारीक नळीत अडकते. मागं गर्दी होते. पुढच्या मांसाला, हाडाला रक्त मिळत नाही. ती कळ. धडधाकट पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. प्लीहा बिघडते, मग साधा न्यूमोनियासुद्धा लहान पोराला घेऊन जातो. काही पोरांना लकवा मारतो.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकनं या वाकड्या पेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं. रोगी होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला काळा विद्यार्थी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढं १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमनं नेमकी जागा पकडली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी. त्यातला सहावा मणी बदललेला. बस्स. एका मण्यावरून आयुष्यभराची कळ. भारतात हा प्रकार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला.

आता खरी लढाई इथं आहे. 'रक्तात दोष आहे' हे वाक्य आपल्या कानाला नवं नाही. हजारो वर्षं हेच ऐकवलं. तुमचं रक्त हलकं, तुमचं रक्त अशुद्ध. म्हणून सिकलसेलचा कागद हातात पडला की आपला माणूस तो लपवतो. त्याला वाटतं, विज्ञानानंही तेच सांगितलं. तर विज्ञान काय सांगतं ते ऐका. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसननं आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्याच्याकडं या बदललेल्या गुणाची एकच प्रत असते, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथं मलेरियानं पिढ्यान्‌पिढ्या पोरं मारली, तिथं ही एक प्रत असलेली पोरं जास्त जगली. त्यांना पोरं झाली. गुण टिकला. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, इटलीच्या सिसिलीत आहे आणि गडचिरोलीच्या जंगलात आहे. शुद्ध-अशुद्धाचा यात संबंध कुठं आला? ज्या पूर्वजांना रानात, दलदलीच्या कडेला ढकललं, ते मलेरियाशी कसे झुंजले त्याची ही नोंद आहे.

मग तो आपल्यातच का घोटाळत राहतो? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीची किल्ली दाखवली. जातीतल्या जातीत लग्न. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. तोच नियम रक्ताला लावून बघा. गुण मलेरियामुळं टिकला, पण कुंपण घातलं जातीनं. एकाच जातीत, त्यातही एकाच पोटजातीत, ओळखीच्या दहा गावांत सोयरीक जुळवायची, म्हणजे एक प्रत असलेला एक प्रत असलेलीलाच भेटण्याची शक्यता वाढवायची. जात तोडणाऱ्या लग्नानं रोग नाहीसा होतो असं मी म्हणत नाही. तपासणी तरीही करायचीच. पण हे कुंपण पोरांच्या हाडांपर्यंत पोचतं, एवढं लक्षात ठेवा.

हिशेब सोपा आहे. प्रत्येकाकडं या गुणाची दोन नाणी असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही खणखणीत, तर काही प्रश्न नाही. एक खणखणीत, एक वाकडं, तर तो वाहक. त्याला रोग नाही. नीट ऐका, वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो गोण्या उचलतो, पळतो, म्हातारा होतो. दोन्ही वाकडी, तर रोग. आता दोघे वाहक असलेल्या नवरा-बायकोचं बघा. दोघांनी एकेक नाणं द्यायचं. प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता रोगाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण सुटकेची. आणि हा डाव प्रत्येक वेळी नव्यानं मांडला जातो. पहिलं पोर आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. एक वाहक आणि दुसरा दोन्ही नाणी खणखणीत असलेला, तर पोराला रोग होत नाही. आणि नाणं आईचंही असतं, बापाचंही असतं. म्हणून सुनेला 'तुझ्या माहेरचं रक्त' म्हणणाऱ्यानं आधी पोराचं बोट टोचून घ्यावं.

हे काम चळवळीचं आहे का? काहीजण म्हणतील, हे डॉक्टरांचं, समाजसेवकांचं. त्यांच्यासाठी एक इतिहास सांगतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांची बंदूक, काळं जाकीट, वळलेली मूठ, सगळं आपल्याला पाठ. पण त्यांच्या दुसऱ्या हातात काय होतं? सुई. १९७० नंतर त्यांनी गावोगावच्या शाखांना फुकट दवाखाने काढायला लावले. १९७१ पासून काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलच्या तपासणीची मोहीम सुरू केली. मार्च १९७२ मध्ये ओकलंडला मोठं संमेलन भरवलं. लोकांना किराण्याच्या पिशव्या वाटल्या आणि तिथंच हजारोंचं रक्त तपासलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा रोग काळ्यांना होतो म्हणून इथल्या डॉक्टरकीला त्याची फिकीर नाही. आम्ही आमचं रक्त तपासू. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्या मोहिमेशिवाय तेवढी घाई झाली असती असं मला वाटत नाही.

पण त्याच इतिहासातला वाईट धडाही घ्या. काही राज्यांनी काळ्यांची तपासणी सक्तीची केली. शाळेच्या दारात, लग्नाच्या परवान्याच्या खिडकीवर. समजावून कुणी सांगितलं नाही. वाहक आणि रोगी यांचा घोळ झाला. धडधाकट वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमा नाकारला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत तर १९८१ पर्यंत वाहक पोरांना प्रवेशच नव्हता. म्हणजे तपासणी दुधारी आहे. आपल्या हातात असली तर हत्यार, त्यांच्या हातात गेली तर शिक्का. इथं आधीच कपाळावर एक शिक्का आहे. दुसरा नको.

आपल्याकडं काय आहे? १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. २०४७ चं उद्दिष्ट, सात कोटी लोकांची तपासणी. चांगली गोष्ट. पण ती मुख्यतः आदिवासी भाग डोळ्यांपुढं ठेवून आखलेली. भंडाऱ्याहून मुंबईच्या चाळीत आलेल्या माझ्या मामेबहिणीसारख्यांच्या दारात ती येईल याची वाट बघत बसू नका. २०१६ च्या अपंग हक्कांच्या कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश आहे. म्हणजे रोग्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागता येतं. मागा.

उपचार आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. आईच्या पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, ते ती पुन्हा वाढवते. ते वाकत नाही, म्हणून कळा कमी येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायची. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगायचं. लहान पोरांना न्यूमोनियाची लस आणि पेनिसिलिन. पेनिसिलिननं किती पोरं वाचतात ते १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. महागडं औषध नाही ते. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं, श्वास लागला, एक बाजू लुळी पडली, पोराचं पोट डाव्या बाजूनं एकदम फुगलं, तर एक मिनिट थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्या तपासल्याशिवाय नकोत, कारण हे रक्त लोहाच्या कमीनं उतरत नाही. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकच दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेत किंमत माणशी २२ लाख डॉलर. एवढ्यात आपली अख्खी वस्ती विकत घेतील आणि वर सुटे मागतील. विज्ञान पोचलंय. आपल्या गल्लीत पोचायचं बाकी आहे.

आता कामाचं बोलतो.

एक. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस वस्तीत दिसला की त्याला थुंकीच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात न्यायचं. फुकट होते. नुसतं 'जा' म्हणायचं नाही. बरोबर जायचं.

दोन. टीबीची औषधं चालू असलेल्या प्रत्येक माणसामागं आपला एक माणूस. सहा महिने. लघवी लाल होईल हे पहिल्या दिवशी सांगायचं. भूक मेली, डोळे पिवळे झाले, नजर अंधूक झाली तर गोळी आपल्या मनानं सोडायची नाही, लगेच डॉक्टरकडं न्यायचं. महिन्याचे १००० रुपये खात्यात आले का ते बघायचं.

तीन. आपण सगळ्यांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यायची. विदर्भाशी, सातपुड्याशी नातं असलेल्यांनी आधी. पहिली तपासणी साधी असते. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. गढूळ झालं तर पुढची. पहिल्या तपासणीत वाहक की रोगी हे कळत नाही, म्हणून दुसरी, इलेक्ट्रोफोरेसिसची किंवा एचपीएलसीची, केल्याशिवाय कुणी कुणाला नाव ठेवायचं नाही. दुसरीत थॅलेसेमियाचा वाहकही कळतो. तेही गरजेचं, कारण थॅलेसेमियाचं वाकडं नाणं आणि सिकलसेलचं वाकडं नाणं एकत्र आलं तरी रोग होतो.

चार. कागद ज्याचा त्याच्याकडं. समितीच्या वहीत नावं लिहायची नाहीत, भिंतीवर लावायची नाहीत. दोन वाहकांचं एकमेकांवर प्रेम असेल तर त्यांना माहिती द्यायची, हुकूम द्यायचा नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, हे सांगायचं. पुढचा निर्णय त्या दोघांचा, आणि पहिला शब्द तिचा.

नेहमीचा आणि दुर्मिळ हे शब्द मोडायचे असतील तर मोजायला आपण उभं राहावं लागेल. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता नर्सताई इथं येणार आहेत. तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात कोण कोण, कधी जाणार, ते त्यांच्यासमोर ठरवू. पहिलं नाव माझं आहे. पाळी बदलून घेतलीय.

आता प्रश्न विचारा. लाजायचं नाही. रोगाला लाज नसते.

जयभीम.